एम.एस्सी.ला एक पावसाळा, पीएच.डी.ला दोन

शहापूर-मुरबाडकडच्या गावांत उन्हाळा सरत आला की भातखाचरांच्या वरच्या अंगाला जमिनीचे काळे चौकोन दिसू लागतात. हे राब. थंडी ओसरल्यापासून त्यांची तयारी चाललेली असते. ऐनाच्या आणि इतर झाडांच्या टहाळ्या, शेण, त्यावर पालापाचोळा आणि गवत, सगळ्यावर मातीचा पातळ थर, आणि मग वाऱ्याच्या उलट बाजूने लावलेली आग. भाजलेल्या त्या चौकोनात पहिल्या पावसाच्या आगेमागे भाताचे बी पडते आणि तीन-चार आठवड्यांनी रोप उपटून आवणीला जाते. राबावरचे रोप जोमदार का होते असे विचारले तर शेतकरी सांगतो, ‘तण मरतं, जमीन तापते.’ उत्तर बरोबर आहे. मात्र ते शास्त्राच्या कसोटीला लावून छापले जायला १९१२ साल उजाडावे लागले.

तोवर राबाकडे सरकार बरेचदा गुन्हा म्हणूनच पाहत होते. जंगल खात्याच्या मते ही झाडांची नासाडी, आणि शेतकऱ्याच्या मते टहाळ तोडणे हा वाडवडिलांपासूनचा हक्क. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यावरून एवढी धुसफूस झाली की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. शेतकी खात्याच्या ओझन या अधिकाऱ्याने राबावर प्रयोग केले. हिंदुस्थानची शेती पाहायला विलायतेहून आलेल्या डॉ. व्होल्कर या रसायनतज्ज्ञाने १८९३ च्या आपल्या अहवालात राबाची दखल घेतली. शेवटी पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर यांनी पश्चिम हिंदुस्थानातल्या राब पद्धतीवर स्वतंत्र शास्त्रीय पुस्तिका प्रसिद्ध केली. राबाचा गुण नुसत्या राखेत नाही. आगीची धग मातीलाच बदलते, तिच्यात अडकून पडलेली अन्नद्रव्ये रोपाला घेता येतील अशा रूपात मोकळी करते, असा तिचा आशय. यातले कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीच्या संशोधनातले मोठे नाव झाले.

आज असा प्रश्न कोणी हाती घ्यायचा ठरवला, तर तो बहुधा कृषी विद्यापीठातला पदव्युत्तर विद्यार्थी असेल आणि त्याचा महिन्याचा खर्च कुठली ना कुठली शिष्यवृत्ती भागवत असेल. या शिष्यवृत्त्यांविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुतेक वेळा रकमेविषयी आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेविषयी. मला त्यांचे खरे नवल वेगळ्या गोष्टीत वाटते. भातावर संशोधन करणाऱ्याला सरकार पैशांच्या रूपात पावसाळे देते, आणि पावसाळा काही केल्या वर्षातून एकदाच येतो.

हिशेब साधा आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने आखून दिलेल्या सध्याच्या अभ्यासक्रमात एम.एस्सी. (कृषी) ७० श्रेयांकांची असते आणि त्यातले ३० श्रेयांक प्रबंधाचे. पीएच.डी.त १०० पैकी ७५ प्रबंधाचे. म्हणजे एम.एस्सी.त वर्गात बसण्याच्या जवळपास, आणि पीएच.डी.त त्याहून कितीतरी जास्त, चिखलात उभे राहण्याला महत्त्व. एम.एस्सी.चे विद्यार्थी प्रवेशपरीक्षा, निकाल, समुपदेशनाच्या फेऱ्या यांतून विद्यापीठात पोहोचेपर्यंत पहिला खरीप बहुधा निघून गेलेला असतो. उरलेले वर्ष वर्गातल्या विषयांत आणि संशोधनाचा आराखडा मंजूर करून घेण्यात जाते. मग येतो दुसऱ्या वर्षाचा जून. भाताचा प्रयोग करायचा तो त्याच हंगामात, त्यातूनच आकडे काढायचे आणि पुढल्या उन्हाळ्याच्या आत प्रबंध बांधून द्यायचा. एम.एस्सी.ला असा एक पावसाळा मिळतो. पीएच.डी.ला किमान तीन वर्षे असल्याने दोन मिळतात.

एक पावसाळा म्हणजे प्रत्यक्षात किती काम? समजा आठ प्रकारच्या खतमात्रांची तुलना करायची आहे आणि प्रत्येक मात्रा तीनदा करून पाहायची आहे. झाले चोवीस वाफे. वाफा चार मीटर लांब, तीन मीटर रुंद. लावणी २० बाय १५ सेंटिमीटर अंतरावर केली तर एका वाफ्यात ४०० चूड बसतात, चोवीस वाफ्यांत ९,६००. ते शक्यतो एकाच दिवशी लावून संपले पाहिजेत, नाहीतर रोपाच्या वयातला फरकच खताचा फरक म्हणून मोजला जाईल. कुठली मात्रा कुठल्या वाफ्यात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवायचे, आपल्या सोयीने नाही. मग दर वाफ्यातल्या पाच चुडांना खुणेची काठी लावून उंची, फुटवे, लोंब्या ठरल्या दिवशी मोजायच्या. शेतमजूर मिळवायचे ते नेमके आवणीच्या दिवसांत, जेव्हा पंचक्रोशीतला प्रत्येक हात आपापल्या खाचरात असतो. जुलैत अतिवृष्टीने बांध फुटला, दोन वाफ्यांतले पाणी एकमेकांत मिसळले, तर चोवीसांपैकी किती वाफे हिशेबात धरायचे यावर मार्गदर्शकांशी रात्रभर चर्चा.

अशा विद्यार्थ्याला अखिल भारतीय परीक्षेतून मिळणारी परिषदेची पदव्युत्तर शिष्यवृत्ती अलीकडच्या वर्षांत दरमहा १२,६४० रुपये आणि वर्षाला ६,००० रुपये आकस्मिक खर्च अशी राहिली आहे. दोन वर्षांची बेरीज सव्वातीन लाखांच्या आतच राहते. आकस्मिक खर्चाचे सहा हजार कागदोपत्री रसायने, वह्या, छपाई यांसाठी. भातावर काम करणाऱ्याला विचाराल तर त्यातला मोठा वाटा आवणी-कापणीच्या मजुरीत जायचा. ही शिष्यवृत्ती न मिळालेल्यांसाठी राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती आहे, दरमहा ५,००० रुपयांची. तिची अट मोठी मजेदार आहे. आपले राज्य सोडून दुसऱ्या राज्यातल्या कृषी विद्यापीठात प्रवेश घेतला तरच ती मिळते. हेतू चांगला आहे, विद्यार्थ्याने वेगळी माती, वेगळे पीक, वेगळे गुरू पाहावेत. पण मुरबाडच्या मुलीला ती घ्यायची तर मुरबाडच्या भाताचा प्रश्न सोबत घेऊन लुधियानाला किंवा कोइमतूरला जावे लागते, आणि तिथल्या मातीत तो प्रश्नच उगवत नाही.

आता शहापूर-मुरबाडहून या टप्प्यापर्यंत पोहोचायची वाट पाहू. २०१४ साली पालघर वेगळा झाल्यावर उरलेल्या ठाणे जिल्ह्यातले हे दोन खरे ग्रामीण, डोंगराळ तालुके. शहापुरात तानसा, मोडकसागर आणि भातसा; मुंबई पाणी पिते ते इथले. तरीही मार्च-एप्रिलात इथल्याच कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते, हे शहापूरकर आता रागावूनही सांगत नाहीत. मुरबाडात माळशेजच्या पायथ्यापर्यंत भाताची खाचरे आणि वर वरकस जमीन, तिच्यात नाचणी-वरई. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली, कुणबी, आगरी अशी वस्ती. दिवाळी झाली की कातकऱ्यांची अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांची शाळा तिथेच तुटते.

आदिवासी विकास विभागाचे एकात्मिक प्रकल्प कार्यालय शहापुरात आहे. आश्रमशाळा आणि वसतिगृहे त्याच्या कक्षेत येतात. दहावीनंतर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू होते. ही योजना तशी वयोवृद्ध, तिची सुरुवात १९४४ च्या सुमाराची, स्वातंत्र्याच्याही आधीची. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात देते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आणि सगळ्यांत वेळखाऊ असे जातवैधता प्रमाणपत्र. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर काय लिहिले होते यावर नातवाच्या पदव्युत्तर प्रवेशाचे भवितव्य ठरू शकते, हे या भागातल्या ठाकूर कुटुंबांना वेगळे सांगायला नको.

बारावी विज्ञान, त्यानंतर राज्याची सीईटी, मग चार वर्षांची बी.एस्सी. (कृषी). कोकणासाठी विद्यापीठ दापोलीला, १८ मे १९७२ ला स्थापन झालेले आणि पुढे डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव दिलेले. पदवीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थी काही महिने खेड्यात राहतात. मुलांना कृषिदूत म्हणतात, मुलींना कृषिकन्या. वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर बीजप्रक्रियेच्या प्रात्यक्षिकांचे फोटो येतात ते यांचेच. त्यानंतर पदव्युत्तर प्रवेश, एकतर महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेमार्फत होणाऱ्या सीईटीतून किंवा वर सांगितलेल्या अखिल भारतीय परीक्षेतून.

पीएच.डी.ला पोहोचलेल्यांसाठी मात्र दारे बरीच आहेत. अनुसूचित जमातींसाठीची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २००५-०६ पासून आहे, वर्षाला ७५० जागांची. शेतीही त्यात येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दराने कनिष्ठ संशोधकाला जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० आणि वरिष्ठाला ४२,००० रुपये ठरले, आणि अशा अधिछात्रवृत्त्यांचे माप साधारण त्या दराने धरले जाते. राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या संस्था संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. परदेशात शिकायचे असेल तर अनुसूचित जमातींसाठीच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत दरवर्षी २० जागा असतात आणि त्यातल्या ३ विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी राखलेल्या. महाराष्ट्रात असे गट तीन : कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. म्हणजे नियमाच्या कागदावर वीटभट्टीवरून परतलेल्या कातकरी मुलासाठी देशाने परदेशी विद्यापीठातली खुर्ची मांडून ठेवली आहे. माझ्या मते या शिडीची मोठी उणीव वरच्या पायऱ्यांत नाहीच. सहावी-सातवीत सुटलेली शाळा आणि बारावी विज्ञानाला न मिळालेला गणिताचा शिक्षक, या खालच्या दोन पायऱ्या मोडक्या आहेत. त्या दुरुस्त झाल्याशिवाय वरच्या तीन जागांची जाहिरात वाचायला कोण येणार?

शेती शिकायला सरकारी पैशाने माणूस पाठवण्याची कल्पना आपल्याकडे चांगली जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या सायरेनसेस्टरचे रॉयल अॅग्रिकल्चरल कॉलेज हे त्याचे ठरलेले ठिकाण. बंगाल सरकारने शिष्यवृत्ती देऊन पाठवलेल्यांत एक होते द्विजेंद्रलाल राय. परत आल्यावर सरकारने त्यांना डेप्युटी मॅजिस्ट्रेट केले आणि बंगालने त्यांना नाटककार व कवी म्हणून लक्षात ठेवले. सयाजीराव गायकवाडांनी खासेराव जाधवांना त्याच महाविद्यालयात धाडले; तेही परतून बडोदा संस्थानच्या महसुली कारभारात रुजू झाले. दोष या माणसांचा नव्हता. शिकून आल्यावर उभे राहायला प्रयोगाची शेते, प्रयोगशाळा, सहकारी यांपैकी फारसे काही नव्हते. बिहारात पुसा येथे संशोधन संस्था १९०५ मध्ये आली आणि पुण्याचे शेतकी महाविद्यालय १९०८ च्या सुमारास उभे राहिले. नुसती शिष्यवृत्ती दिली आणि परतल्यावर शेत दिले नाही, तर शेतीशास्त्रज्ञाचा मामलेदार होतो.

वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजे यांची गोष्ट उलटी. क्रांतिकार्यासाठी देश सोडलेल्या या माणसाला कुठल्या सरकारने पाठवले नव्हते. त्यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या कृषी महाविद्यालयांत शिक्षण घेतले, गदर चळवळीत उडी घेतली आणि फिरत फिरत १९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोहोचले. तिथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले, मक्यावर संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. मायदेशी त्यांना येऊ दिले गेले ते स्वातंत्र्यानंतर, आणि तोवर त्यांच्या उमेदीची वर्षे मेक्सिकोच्या मातीत खर्ची पडली होती.

प्रबंधाच्या आकडेशास्त्रातही दोन मराठी माणसे बसलेली आहेत, आणि देशातला प्रत्येक कृषी विद्यार्थी त्यांना ओळखतो, निदान आडनावाने. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले, १९३६ मध्ये पीएच.डी. झाले, परतून कृषी संशोधन परिषदेचा संख्याशास्त्र विभाग उभा केला आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले. विनायक गोविंद पानसे हे कापसावर काम करणारे संख्याशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून शेती संशोधकांसाठी लिहिलेले संख्याशास्त्रीय पद्धतींचे पुस्तक १९५४ मध्ये निघाले. वर सांगितलेले चोवीस वाफे, तीन पुनरावृत्त्या, मात्रा चिठ्ठीने ठरवणे, शेवटी फरक खरा की योगायोगाचा हे तपासणे, ही सगळी रीत भारतीय विद्यार्थ्यांनी या पुस्तकातून गिरवली. प्रबंधाच्या संदर्भसूचीत ‘पानसे आणि सुखात्मे’ नसतील तर परीक्षक भुवई उंचावतात.

देशातच मिळणाऱ्या पदव्युत्तर कृषी संशोधनाच्या शिक्षणाला मोठे बळ मिळाले ते १९५८ मध्ये, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने पदव्युत्तर शाळा सुरू झाली तेव्हा. तिचे पहिले अधिष्ठाता राल्फ कमिंग्ज हे अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ होते. दोन वर्षांनी फिलिपीन्समध्ये लॉस बान्योस इथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था निघाली. शेजारच्याच विद्यापीठाची पदवी आणि संस्थेच्या शेतातला प्रयोग अशी जोड तिने घातली आणि आशिया-आफ्रिकेतले भातसंशोधक तिथे शिष्यवृत्तीवर शिकायला येऊ लागले. महाराष्ट्रात पहिले कृषी विद्यापीठ १९६८ चे. १९७२ पर्यंत राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार झाली.

शिकायला गेलेली माणसे आणि त्यांच्यासोबत फिरणारे बियाणे यांचे जाळे किती दूरवर पसरलेले असते, हे पाहायला मुरबाडहून फार लांब जायला नको. शेजारी कर्जतला भातसंशोधन केंद्र आहे, १९१९ पासूनचे. भिवपुरीच्या वीजगृहातून सुटणारे पाणी राजनाल्याने तिथे येते, त्यामुळे कर्जतला उन्हाळ्यातही भात होतो. मुरबाडच्या संशोधकाला वर्षाला एकच हंगाम, कर्जतच्याला दोन. नवे वाण पैदा करणाऱ्याच्या आयुष्यात हा फरक फार मोठा असतो. याच केंद्राने १९९८ मध्ये ‘सह्याद्री’ हे संकरित भात दिले, १२५ ते १३० दिवसांत तयार होणारे.

संकरित भात करणे अवघड, कारण भाताचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. त्यात बाहेरचा पराग घालायचा तर आधी नर भाग वांझ असलेले झाड हवे. ते सापडले १९७० मध्ये, चीनच्या हाइनान बेटावर, रानटी भातात. युआन लाँगपिंग यांच्या चमूला सापडलेल्या त्या एका झाडाच्या पेशीद्रव्यावर चीनचे संकरित भात उभे राहिले. तेच पेशीद्रव्य घेऊन लॉस बान्योसला ‘आयआर ५८०२५ ए’ ही वांझ मादी ओळ तयार झाली. भारतात संकरित भाताची मोठी योजना १९८९ च्या अखेरीस सुरू झाली आणि कर्जत तिच्या केंद्रांपैकी एक होते. सह्याद्रीची आई हीच फिलिपीन्सची ओळ. बाप ‘बीआर ८२७-३५’, बांगलादेशचा. सह्याद्रीच्या कुशीत पेरल्या जाणाऱ्या या ‘सह्याद्री’त हाइनानचे रान, फिलिपीन्सची प्रयोगशाळा आणि बांगलादेशचा भात एकत्र नांदतात. यातल्या एकेका टप्प्यावर कोणीतरी तरुण संशोधक महिन्याच्या विद्यावेतनावर हजारो फुलांतून पराग तपासत बसलेला होता. संकरित वाणाचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते, ही शेतकऱ्याची तक्रारही खरी आहे. घरचे बी राखणाऱ्या वरच्या पाड्यांवर म्हणूनच असे वाण रुजायला जड जाते.

त्या पाड्यांना जास्त जवळची वाटावी अशी गोष्ट चारसूत्री भातशेतीची. ती मांडली डॉ. एन. के. सावंत या मृदाशास्त्रज्ञांनी. अमेरिकेत अलाबामातल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात त्यांनी भाताच्या चिखलात युरिया खोल पुरण्यावर वर्षानुवर्षे काम केले. पाणी भरलेल्या खाचरात युरिया फेकून दिला तर त्यातला बराच नत्र वायूरूपाने उडतो. कोकणातल्या पावसात तर तो एका बांधावरून दुसऱ्या बांधावर आणि तिथून ओढ्याला जातो. तोच गोळी करून चिखलात सात ते दहा सेंटिमीटर खोल पुरला तर मातीचे कण त्याला धरून ठेवतात आणि मुळे लागेल तसा घेतात. बांगलादेशात ‘गुटी युरिया’ म्हणून हे तंत्र लाखो शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. कोकणात ते युरिया-डीएपीच्या २.७ ग्रॅमच्या गोळीच्या रूपात आले. पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटरच्या आळीपाळीच्या अंतरावर लावणी करायची आणि जवळजवळच्या चार चुडांच्या मधोमध एक गोळी खोचायची. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, वजन साधारण १७० किलो. गुंठ्याला सव्वासहाशेच्या आसपास गोळ्या, पावणेदोन किलोही भरत नाहीत. पोत्याच्या हिशेबाने खत घेणाऱ्याला हे आधी खोटेच वाटते.

गोळी हे चौथे सूत्र. तिसरे नियंत्रित लावणी, दुसरे गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडणे. पहिले सूत्र शहापूर-मुरबाडच्या माणसाला ऐकताच ओळखीचे वाटेल : रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळायची आणि पेंढा शेतातच गाडायचा. तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते. ती रोपाच्या अंगात मुरली की खोड ताठ राहते, करपा आणि खोडकिड्याला तोंड देता येते, रोप उपटताना मुळे तुटत नाहीत. भाताला सिलिका का लागते यावर सावंतांनी परदेशी सहकाऱ्यांसह १९९७ मध्ये मोठा लेख लिहिला, आजही जगभर त्याचा हवाला दिला जातो. मॅन-जोशी-कानिटकरांनी राबातली धग मोजली होती, इथे राख हाती घेतली गेली. जंगलाची टहाळ न तोडता गिरणीतले तूस वापरायचे, म्हणजे १८८५ च्या आयोगापुढचे भांडणही यात अर्धेअधिक मिटते. ही चांगली गोष्ट तालुक्यातल्या प्रत्येक बांधावर का गेली नाही याचे उत्तर मजुरीत आहे. हजारो गोळ्या हाताने, वाकून, एकेक खोचायच्या असतात, आणि ते काम बायकांच्या वाट्याला येते.

शिष्यवृत्तीचे दानही आता दोन्ही बाजूंनी चालते. एकेकाळी सायरेनसेस्टर आणि लॉस बान्योसला माणसे पाठवणारा भारत २०१०-११ पासून आफ्रिकी देशांतल्या विद्यार्थ्यांना कृषी विद्यापीठांत बोलावू लागला. वर्षाला ७५ अधिछात्रवृत्त्या, ५० पदव्युत्तर पदवीच्या आणि २५ पीएच.डी.च्या, अशी ती योजना होती. त्याच सुमारास सुरू झालेल्या नेताजी सुभाष आंतरराष्ट्रीय अधिछात्रवृत्तीतून भारतीय विद्यार्थी परदेशी आणि परदेशी विद्यार्थी भारतात पीएच.डी. करतात.

प्रबंध सादर झाला की त्याची एक प्रत कृषिकोश या राष्ट्रीय डिजिटल संग्रहात जाते. तो इंग्रजीत असतो. टोकावड्याच्या किंवा डोळखांबच्या शेतकऱ्याने तो वाचावा अशी कोणाची अपेक्षाही नसते. शेतकऱ्यापर्यंत जायचा रस्ता निराळा आहे. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांचे संशोधक वर्षातून एकदा एकत्र बसतात. त्या बैठकीला जॉइंट अॅग्रेस्को म्हणतात. नवे वाण, नवी अवजारे, नव्या शिफारशी तिथे मांडल्या जातात, उलटतपासणी होते, काही मंजूर होतात, बऱ्याच परत पाठवल्या जातात. एका हंगामाच्या आकड्यांवर शिफारस सहसा मान्य होत नाही, तीन हंगाम मागितले जातात. मंजूर झालेली शिफारस विद्यापीठाच्या कृषी दैनंदिनीत एका ओळीत छापली जाते : अमुक अंतर, अमुक मात्रा, अमुक दिवशी.

म्हणून एका विद्यार्थ्याचा एक पावसाळा पुरत नाही. चांगला मार्गदर्शक तोच प्रश्न पुढल्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या हाती देतो, आणि त्याच्या पुढल्याच्या. शहापूर-मुरबाडसाठी असे हाती द्यायचे प्रश्न बरेच पडून आहेत. राबासाठी टहाळ मिळेनाशी झाल्यावर तुसाची राख किती आणि केव्हा. गोळ्या खोचायचे हलके, वरच्या पाड्यातल्या बाईला एकटीला ओढता येईल असे अवजार. भात कापल्यावर खाचरात उरलेल्या ओलीवर वालानंतर आणखी काय. भातसा-तानसाच्या कुशीतल्या वरकसावर नाचणीचे कोणते वाण पावसाची ओढ सोसेल. यातल्या कुठल्याही प्रश्नाला एक एम.एस्सी., मग दुसरी, मग एक पीएच.डी. लागेल. दापोलीहून आलेल्या विद्यार्थ्याला चोवीस वाफ्यांपुरती, म्हणजे रस्ते-बांध धरून चार-पाच गुंठ्यांची जागा सलग तीन खरीप देणारा शेतकरी गावात मिळाला, तर शिष्यवृत्तीइतकीच मदत तिथून होते.